अमेरिकेच्या कपाशीत सीतादही

"मॅडम, हा अर्धा वर्ग कुठं आहे?"

मुख्याध्यापक ढोले सर दारात उभे होते. मी खडू हातात धरून नववीच्या रिकाम्या बाकांकडे बघितलं. सांगायला काही गुपित नव्हतं.

"कापसात, सर."

"आणि पॅनेल आलं तरी कापसातच राहतील?"

"कापूस पॅनेलची वाट नाही बघत, सर."

त्यांना हे आवडलं नाही. मलाही बोलून झाल्यावर आवडलं नाही. कारण त्या वर्षी मला जपून बोलायची गरज होती.

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या एका खाजगी हायस्कुलात मी इतिहास आणि मराठी शिकवत होते. शिक्षणसेवक होते. ही योजना तेव्हा नवी होती. शिक्षणसेवक म्हणजे पूर्ण शिकलेला, पूर्ण तास घेणारा, पण अर्धवट नेमलेला शिक्षक. तीन वर्षं मानधनावर राबायचं. काम बरं दिसलं तर संस्था प्रस्ताव पाठवते आणि तुम्ही कायम होता. माझं तिसरं वर्ष सुरू होतं. प्रस्तावावर सही करणार होते संस्थेचे अध्यक्ष. गावात त्यांना सगळे शेठजी म्हणत. बाजारात कापडाचं दुकान, हायवेला लागून कपाशीचं मोठं वावर.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., बी.एड. माझे बाबा वांगी, टमाटे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात आणि आष्टीच्या बाजारात विकतात. हे मी सगळ्यांना सांगते. पण कॉलेज केलं म्हणून नोकरी पक्की होत नाही, हेही मला तेव्हा रोज उठल्याबरोबर आठवायचं.

तर पॅनेल. पॅनेल तपासणी म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण विभागाचे एक साहेब आणि दुसऱ्या शाळांचे दोन-तीन मुख्याध्यापक येतात आणि दिवसभर शाळा उलटीपालटी करून बघतात. संडासापासून प्रयोगशाळेपर्यंत. मग एक-दोन शिक्षकांचा पाठ बघतात. ढोले सरांनी माझं नाव दिलं होतं. "तुमचा पाठ चांगला झाला तर शेठजीले सही करायला सोपं जाईल," असं ते म्हणाले होते. ते वाईट माणूस नव्हते. मला मदतच करत होते. फक्त त्यांना मदतीत धोका चालत नसे.

आणि धडा आला होता गुलामगिरीचा.

पुस्तकात त्याला जेमतेम एक परिच्छेद होता. आफ्रिकेतून माणसं धरून नेली, अमेरिकेत विकली, मळ्यांवर राबवली, पुढे युद्ध झालं, गुलामगिरी बंद झाली. खाली प्रश्न, 'गुलामगिरीची कारणे लिहा.' पोरांनी गाईडमधून कारणं पाठ केली होती. सगळ्यांची सारखी, चुकाही सारख्या.

मी विचारलं, "गुलाम म्हणजे कोण?"

मागून एक पोरगा म्हणाला, "दश्शीपेक्षा मोठा, राणीपेक्षा लहान."

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना सायकलवर मला ते टोचत राहिलं. पोराचं चुकलं नव्हतं. त्याला गुलाम भेटला होता तो पत्त्यातच.

त्या दिवसांत टीव्हीवर काळात मागं-पुढं जाणाऱ्या मालिका लागत. यंत्रात बसायचं, बटण दाबायचं, की माणूस थेट जुन्या जमान्यात. पोरं त्यावर जीव टाकत. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'मी काळयंत्रात बसून अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यावर गेलो.' गोष्ट लिहून आणा. गाईड बंद.

पहिल्या खेपेच्या गोष्टी मी अजून विसरले नाही. एकजण तलवार घेऊन गेला. एक मशीनगन घेऊन. एकीनं तहसीलदाराला सोबत नेलं, कारण दाखले तोच देतो. एकजण ट्रॅक्टर घेऊन गेला, मालकाला ट्रॅक्टर दिला आणि म्हणाला, आता गुलाम लागत नाहीत, सोडा. हा त्यातल्या त्यात डोक्याचा. सगळ्या गोष्टींच्या शेवटी गुलाम सुटले, त्यांनी आमच्या पोरांना खांद्यावर घेतलं आणि जयजयकार केला.

म्हणजे सोडवायला सगळे गेले. राहायला कोणीच गेलं नाही.

मग मी नियम केले. पहिला, सोबत काही न्यायचं नाही. दुसरा, तुम्ही तिथं पाहुणे नाही, राबणाऱ्यांतलेच एक आहात. तिसरा, पुढं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे, पण कोणी तुमचं ऐकणार नाही. चौथा, कोणाला सोबत आणायचं नाही. सकाळी पोचायचं, दिवस मावळला की यंत्र तुम्हाला परत ओढून आणेल. तेवढा एक दिवस काढायचा आणि तो लिहायचा.

"मॅडम, मग यात मजा काय?" गौरव म्हणाला. गौरव शेठजींचा नातू. वर्गात पहिला, अक्षर छापल्यासारखं.

"मजा नाहीच," मी म्हटलं.

तळेगावातली पोरं आणि अमेरिकेतले गुलाम यांच्यात एक गोष्ट सारखी होती, ती माझ्या तोपर्यंत लक्षातच आली नव्हती. कापूस. मळ्यावर बहुतेक कापूसच वेचायचा होता, हे मी शिकवताना सांगितलं आणि खिडकीजवळच्या बाकावरून सुरेखानं मान वर केली.

सुरेखा कमी बोलणारी पोरगी. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस येई, बाकी दिवस आईसोबत वेचायला. आई लीलाबाई, वेचणाऱ्या बायांची म्होरकी. शेठजींच्या वावरात दरवर्षी तिचीच टोळी.

सुरेखाची गोष्ट दोन दिवस उशिरा आली. मी ती स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचली. बसायचं सुचलं नाही.

तिनं यंत्र वगैरे एका ओळीत उरकलं होतं. मग थेट पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी. सकाळी दव असतं तेव्हा कापूस ओला असतो, बोटं बधिर होतात. ऊन चढलं की बोंडाची नखं कडक होतात आणि बोटात घुसतात. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी चाल बदलते. वाकलेली कंबर सरळ करायची तर एकदम करायची नाही, आधी गुडघ्यावर हात टेकायचे. लेकरू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोळीत. ते रडलं की कोणाचं रडतंय हे न बघताच आईला कळतं. पण तिथल्या आईनं वळून बघितलं की मागून चाबूक.

आणि मग सीतादही.

सीतादही आमच्याकडची रीत आहे. कपाशीची पहिली वेचणी सुरू करायच्या दिवशी बाया एका झाडाखाली गोटे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. सुरेखानं लिहिलं होतं, की तिनं त्या बायांना विचारलं, तुम्ही सीतादही केली का? त्यांना माहीत नव्हतं. मग तिनं स्वतःच गोटे मांडले. दही नव्हतं, तर प्यायच्या पाण्यातलं थोडं शिंपडलं. पुढं अशा ओळी होत्या:

'त्या बाया म्हणाल्या, हा कापूस आपला नाही, मग पूजा कशाची? मी म्हटलं, आमच्याकडेही तो आपला नसतो. तरी करतो.'

मी वही मिटली आणि स्टाफरूममध्ये दोन येरझाऱ्या घातल्या. ढोले सर म्हणाले, "काय झालं?" मी वही दिली.

त्यांनी खिशातून लाल पेन काढूनच वाचायला घेतली. सीतादहीपाशी थांबले. "अमेरिकेत सीतादही? मॅडम, ही घोडचूक आहे. इतिहासाच्या तासाला ही चूक चालते का?"

"चूक आहे, सर."

"मग?"

"मग पुढचं वाचा."

पुढचं वाचल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. आवाज खाली आला. "आमच्याकडेही तो आपला नसतो. म्हणजे कोणाकडे? ही पोरगी येचते कोणाच्या वावरात?"

मी वही परत घेतली. ते म्हणाले, "शेठजी पॅनेलसोबत वर्गात बसणार आहेत. तुमचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आहे. गौरवची गोष्ट वाचायला लावा. अक्षरही चांगलं आहे."

गौरवनं लिहिलं होतं, की तो मळ्याच्या मालकाच्या दुकानात कापड मोजत होता. राबणाऱ्यांतलाच एक, हा नियम त्यानं असा पाळला होता. पोराला अमेरिकेतही दुकान सोडवलं नाही.

त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा ठरवायचे, गौरवच वाचेल. घास तोंडात असताना वाटायचं, नाही, सुरेखा. बाबा माल घेऊन आले होते, त्यांना सांगितलं. ते पोत्याला टेकून ऐकत होते.

"बाई," ते म्हणाले, "म्या आजवर वांगं इकताना गिऱ्हाइकाले कीड नाई दाखोली. तू तं शेठच्या हातात कीडच देऊन राह्यली."

"बाबा, ती कीड नाही. तेच खरं वांगं आहे."

"असन. पन आधी पक्की हो. मंग काय दाखोवाचं ते दाखोव."

हा सल्ला चुकीचा नव्हता. माझ्याच वयाच्या कितीतरी शिक्षणसेवकांनी तो पाळला आणि आज ते सुखात आहेत.

रविवारी मी सायकल काढली आणि हायवेनं शेठजींच्या वावरात गेले. मनात होतं, की पॅनेलच्या दिवशी पोरीला शाळेत पाठवा एवढं सांगावं. पुढचं पुढं. बाया ओळीनं वेचत होत्या. मला बघून लीलाबाई धुऱ्यावर आली. ओटी कापसानं फुगलेली.

"काऊन जी मॅडम? पोरगी नापास झाली का?"

"नाही वो. उलट चांगलं लिहिलं तिनं. पॅनेलच्या दिवशी शाळेत पाठवा."

"कायचं लिहिलं?"

आता लपवून काय करणार. सुरेखाला हाक मारली, वही माझ्या पिशवीत होती. बाकीच्या बायाही पाणी प्यायला म्हणून गोळा झाल्या. सुरेखानं उभ्यानं वाचलं. सीतादहीपाशी बाया हसायला लागल्या.

"अमेरिकेत दही भेटते का वं?"

"दही नाई, थ्या लिहून राह्यली ना, पानी शिपडलं म्हनून!"

"पान्याची सीतादही! कापूस येईन का मंग!"

मग ती ओळ आली. हसणं थांबलं. एकीनं ओटीतला कापूस उगाच दाबला. लीलाबाई लेकीकडे बघत होती.

"हे तूनं लिहिलं?"

"हो माय."

"मनानं?"

"हो."

एक म्हातारी बाई म्हणाली, "लीला, शेठसमोर वाचलं तं पुढच्या वेच्याले बलावन का तो आपल्याले?" वेचा म्हणजे वेचणीची फेरी. कपाशी एकदम फुटत नाही, तीन-चार वेळा वेचावी लागते.

लीलाबाईनं मला विचारलं, "मॅडम, हे वाचलं तं तुमच्या नोकरीचं काही होईन का?"

गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"होऊ शकते," मी म्हटलं.

"मंग तुम्ही काऊन वाचाले लावता?"

मी खरं ते सांगितलं, "अजून ठरलं नाही माझं."

ती लेकीला म्हणाली, "हे पाय, मॅडमनं नाव घेतलं तं वाच, नाई घेतलं तं चूप बस. पन वाचशीन तं मान खाली घालून वाचू नोको. एवढंच सांगतो तुले." आणि ओळीत परत गेली.

पॅनेलच्या दिवशी वर्ग बऱ्यापैकी भरला होता. ढोले सरांनी शिपाई पाठवून वावरावावरातून पोरं गोळा केली होती. मागच्या बाकावर दोन मुख्याध्यापक, मध्ये वर्ध्याचे साहेब. भिंतीला लागून हाताची खुर्ची, तीत शेठजी. पांढरं धोतर, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर हात. ढोले सर दारात.

साहेबांच्या हातात माझं पाठ टाचण होतं. टाचण म्हणजे तास कसा घेणार त्याचा आधीच लिहिलेला आराखडा. कोणत्या मिनिटाला काय विचारणार आणि पोरं काय उत्तर देणार, हेही त्यात लिहावं लागतं. पोरांची उत्तरं पोरांच्या आधी शिक्षकांनी लिहायची, ही आमच्या धंद्यातली जुनी गंमत आहे.

धडा सांगून झाला. मी गौरवला उभं केलं. त्यानं स्वच्छ वाचलं. कापडाचं दुकान, मालक दयाळू, त्यानं गुलामांना सणाला नवं कापड दिलं. शेठजींची मान हलली. ढोले सरांचा चेहरा सैल झाला. टाचणात त्यानंतर लिहिलं होतं, 'समारोप'.

साहेब म्हणाले, "छान. आणखी कोणी लिहिलं आहे का?"

खरं तर 'वेळ संपली सर' म्हणता आलं असतं. घड्याळ माझ्या बाजूनं होतं. माझी नजर ढोले सरांकडे गेली. त्यांनी मान अगदी थोडी डावीकडून उजवीकडे नेली. पण मला वाटलं, मी शिकले ते काय समारोप करायला?

"सुरेखा," मी म्हटलं.

तिनं वाचलं. मान वर ठेवून, जरा जास्तच वर. दव, नखं, ओटी, झोळी. सीतादही आल्याबरोबर मागच्या बाकावरचे एक मुख्याध्यापक फस्सकन हसले आणि वर्गाला परवानगी मिळाली. सगळे हसले. सुरेखा थांबली. हसणं संपेपर्यंत उभी राहिली. मग पुढची ओळ वाचली.

कोणी हसलं नाही.

शेठजी चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, हे वावर कोनाचं आहे?"

"अमेरिकेतलं आहे, शेठजी," सुरेखा म्हणाली.

साहेबांना खोकला आला. बराच वेळ आला. मग त्यांनी वर्गाला विचारलं, "बरं. या गोष्टीत चूक काय आहे, कोण सांगेल?"

हात वर झाले. सीतादही. त्या बाया मराठी कशा बोलल्या. दही नव्हतं तर पाणी कशाला. मी फळ्याला टेकून उभी होते आणि एकेका उत्तराबरोबर माझा प्रस्ताव टेबलाच्या खालच्या कप्प्यात जाताना मला दिसत होता.

गौरवचा हात वर होता. शेवटी साहेबांनी त्याला विचारलं.

"सर, सीतादही चूक आहे, पण ती मोठी चूक नाही," तो म्हणाला. "मोठी चूक ही, की ती संध्याकाळी घरी आली."

"म्हणजे?"

"गुलामाला घर कुठं राहते? ती म्हणते आमच्याकडेही तसंच आहे. तसंच नाही. हिची आई संध्याकाळी घरी जाते. उद्या यायचं नाही म्हटलं तर नाही येत. मागच्या साली मधेच दोन दिवस नाही आली, तर आमच्या आजोबांनीच दोनदा बलावणं पाठवलं होतं."

शेठजी नातवाकडे बघायला लागले. घरचं बोलणं वर्गात आलेलं कोणाला आवडत नाही.

मी काही बोलणार, तेवढ्यात सुरेखा न विचारता बोलली. वर्गात ती अशी पहिल्यांदाच बोलली. पुस्तकी मराठी सुटली होती.

"मले माहीत आहे. म्या दिवसभरासाठीच गेलती. मॅडमचा नियम होता. संध्याकाळ झाली तं मी आली. त्या बाया तेथंच राह्यल्या. त्या म्हने, तू कुठी चालली? मले सांगता नाई आलं. म्हनून मी थे लिहिलंच नाई."

कोणीतरी पाठीमागून विचारलं, "मॅडम, मग त्या लेकराचं काय झालं? झोळीतल्या?"

"विकलं असेल," गौरव म्हणाला. "तिकडे विकत होते. मॅडमनं सांगितलं होतं. आईला इकडे, लेकराला तिकडे."

"मग मॅडम, नियम बदला," तहसीलदाराला घेऊन गेलेली पोरगी म्हणाली. "एकाला तरी सोबत आणायचा नियम करा."

"नाही बदलता येत," मी म्हटलं. "झालेली गोष्ट आहे ती."

घंटा झाली. घंटा झाल्यावर नववीचा वर्ग दारातून बाहेर सांडतो. त्या दिवशी कोणी उठलं नाही. गौरव आणि सुरेखा वाद घालत होते. ती म्हणत होती, संध्याकाळचं सोड, दिवसभराचं तं सारखंच आहे. तो म्हणत होता, संध्याकाळच तर मोठी गोष्ट आहे. दोघंही बरोबर होते. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात हा फरक इतका सोपा करून लिहिलेला मी वाचला नव्हता.

साहेबांनी टाचण परत दिलं. लॉगबुकात, म्हणजे शाळेच्या शेरेबुकात, त्यांनी लिहिलं: 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. संदर्भात चुका. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला.' ढोले सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "पहिलं वाक्य पुरेसं आहे."

व्हरांड्यात शेठजी भेटले. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं.

"मॅडम, आमच्या वावरात आल्या होत्या म्हने तुम्ही."

"हो शेठजी, रविवारी."

"घरी याचं होतं ना. चाय झाली असती."

बस. तेवढंच.

त्यानंतर माझा प्रस्ताव हलला नाही. ढोले सरांना विचारलं की ते म्हणत, "शेठजी गडबडीत आहेत." आणि पुढच्या वेच्याला लीलाबाईच्या टोळीला बोलावणं आलं नाही. शेठजींनी बाहेरून बाया आणल्या. मला हे कळलं तेव्हा मी शाळा सुटल्यावर तशीच लीलाबाईकडे निघाले. माझी नोकरी गेली तर मी दुसरी शोधीन, पण या बायांनी माझ्या तासाची किंमत का द्यावी? शब्द जुळवत गेले. ती एस. टी. स्टँडजवळच भेटली. एका जीपमधून टोळी उतरत होती.

"मॅडम! तोंड काऊन पाडून राह्यल्या?"

"लीलाबाई, माझ्यामुळं तुमचं..."

"तुमच्यामुळं काय? रोहण्याकडच्या एका पाटलाच्या वावरात चाललो आम्ही. गाडी पाठोते थो, न्यायले न आनायले. शेठच्या वावरात पायी जा न पायी या." तिनं ओढणीतला कापसाचा तंतू काढत बसलेल्या सुरेखाकडे बोट केलं. "हे सांगत होती, थ्या गोष्टीतल्या बायाइले दुसरं वावर नोयतं म्हने. आम्हाले हाये. मंग जाऊन पायलं."

मी जुळवलेले शब्द तसेच राहिले.

शेठजींच्या बाहेरून आणलेल्या बाया मधेच निघून गेल्या. त्यांच्या गावाकडची कपाशी फुटली होती. शेठजींचा कापूस झाडावर लोंबायला लागला. वारा सुटला की तो खाली पडतो आणि पालापाचोळा लागून त्याची प्रत जाते. त्यांनी माणूस पाठवला. लीलाबाईनं निरोप दिला, की येतो, पण पायी येनार नाई, गाडी पाठवा. दोन दिवस निरोप गेले-आले. तिसऱ्या दिवशी गाडी आली. सीतादही पहिल्या वेच्यालाच झालेली होती, त्यामुळं बायांनी सरळ बोंडाला हात घातला.

माझ्या प्रस्तावाला मात्र गाडी नव्हती. तो शाळेचं वर्ष संपता संपता वर्ध्याला गेला. शेठजींनी सही केली, कागद सरकवला आणि म्हणाले, "गौरव घरी रोज भांडून राह्यला मॅडम. वावरातल्या बायाइबद्दल. जेवता जेवता. तुम्ही एक करजा, पुढच्या सालापासून हा धडा वेचणी आटोपल्यावर घेत जा."

"बघते, शेठजी," मी म्हटलं. कायम झालेला शिक्षक एवढं म्हणू शकतो.

सुरेखा दहावी झाली आणि पुढं आर्वीला शिकायला गेली. वेचणीच्या दिवसांत तेव्हाही तिचा वर्ग बुडायचाच. ते माझ्या धड्यानं बदललं नाही.

धडा मी एकदा शेठजींच्या सांगण्याप्रमाणे उन्हाळ्याच्या तोंडावर घेऊन बघितला. वर्ग पूर्ण भरलेला होता. पोरांनी कारणं पाठ केली, सगळ्यांनी बरोबर लिहिली, कोणीही कोणाशी भांडलं नाही. तेव्हापासून मी तो दिवाळीनंतरच घेते. वर्ग अर्धा असतो, टाचण बिघडतं, आणि दरवर्षी एखाद्या मोठ्या माणसाच्या घरून चहाचं निमंत्रण येतं. ते मी घेते. नवीन शिक्षकांना एवढंच सांगते, की पोरांना जुन्या काळात पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, पण यंत्र जाताना कोणाच्या वावरावरून जाणार आहे, ते आधी बघून ठेवा.